पहिल्यांदाच एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं संस्थेत फील्डवर्कला घेताय? एवढं सांभाळा

घाबरू नका, जमेल. मूल्यमापनाचे तक्ते वगैरे ओघाने कळतं, ते आत्ता बाजूला ठेवा.

मुलं बहुतेक आठवड्यातून दोनच दिवस येतात, म्हणून आयसीचा (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे एकेकाशी स्वतंत्र चर्चेचा) तास ठरवूनच टाका. ‘अडलं तर या’ म्हटलं की कुणी येत नाही. रेकॉर्डिंग (मुलांनी लिहिलेला कामाचा अहवाल) आधी वाचून बसा. ‘गृहभेट दिली, समुपदेशन केलं’ एवढंच लिहिलं असेल तर विचारा: दार कुणी उघडलं? ती बाई नेमकं काय म्हणाली? त्यावर तू काय बोललीस, आणि का? मग गप्प बसा. उत्तर आपणच देऊन टाकायचा मोह फार होतो (आपल्या क्षेत्रात बोलायची हौस दांडगी).

नवे सुपरवायझर हमखास चुकतात ते इथे:

- मुलांना एक्सेल भरायला नाहीतर खुर्च्या लावायला जुंपणं. ती फुकटची माणसं नव्हेत.
- पहिल्याच आठवड्यात वस्तीत एकटं पाठवणं.
- तक्रारी मनात साठवून थेट सत्राअखेरच्या शेऱ्यात उतरवणं.

कॉलेजच्या फील्डवर्क सुपरवायझरचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. कॉलेजने सुपरवायझरांची बैठक ठेवली तर नक्की जा, चहापुरतं का होईना. इतर संस्थांतले अनुभवी लोक तिथेच भेटतात, आणि अडल्यावर फोन त्यांनाच लावता येतो.