टायटॅनियमला ‘पाणी देतात’ का?

टायटॅनियमच्या मिश्रधातूवर सोल्यूशन ट्रीटमेंट (खूप तापवून झटकन थंड करणे) करतात, तिथे मराठीत ‘पाणी देणे’ लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते नको. पोलादी पात्याला पाणी देतात तेव्हा कडकपणा खरोखरच पाण्यात येतो. लालबुंद पाते बुडवले की कार्बनचे अणू स्फटिकात अडकतात आणि पाते काचेसारखे कठीण, ठिसूळ होते. मग बेताने तापवून तो कडकपणा थोडा उतरवावा लागतो.

टायटॅनियमचे उलटे आहे. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमची नेहमीची मिश्रधातू घ्या. ती सुमारे ९५५° सेल्सिअसला तासभर ठेवून भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांतच पाण्यात टाकतात. बाहेर आलेला तुकडा फारसा कठीण नसतो. पाण्याने फक्त वरच्या तापमानाची घडण गोठवलेली असते. ताकद येते ती नंतर, ५४०°च्या आसपास चार तास ठेवल्यावर; यालाच एजिंग म्हणतात. ॲनील केलेल्या, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेल्या, मालाची ९००-९५० मेगापास्कल ताकद मग ११००च्या घरात जाते. तीही पातळ मालात. २५ मिमीपेक्षा जाड तुकड्याचा गाभा वेळेत थंडच होत नाही.

म्हणून पहिल्या टप्प्याला ‘पाण्यात विझवणे’ म्हणावे आणि एजिंगला ‘मुरवणे’. कारखान्यात ‘एजिंग’च म्हणतात, पण सर्वसाधारण वाचकाला ‘मुरवणे’ लगेच कळेल.

‘घडाई’ (फोर्जिंग) हा शब्द मात्र बिनधास्त वापरा. फक्त ती बीटा रेषेच्या (ज्या तापमानाच्या वर धातूची स्फटिकरचना पूर्ण बदलते), म्हणजे या मिश्रधातूत साधारण ९९५°च्या, खाली झाली की वर, हे लिहायला विसरू नका. खाली घडवले की कण मोडून बारीक, गोलसर होतात. माल ताणला तर चांगला लांबतो, वारंवारचा ताण सोसतो. वर घडवले की कण भरड आणि आतली रचना पट्ट्यापट्ट्यांची होते. तडा पसरायला अडथळा वाढतो, पण लांबण्याची क्षमता घटते. पोलादाचे भरड कण उष्णतोपचाराने बारीक करता येतात, इथे नुसत्या भट्टीने ते होत नाही, रेषेखाली पुन्हा घडाई करावी लागते. ‘पुढे उष्णतोपचाराने सुधारते’ असे वाक्य लिहिले असेल तर खोडा.

जाता जाता: ‘अल्फा केस’ला, म्हणजे तापलेल्या टायटॅनियमवर हवेत तयार होणाऱ्या कडक थराला, ‘खपली’ म्हणू नये. खपली ठोकली की सुटते. हा थर म्हणजे ऑक्सिजन मुरून ठिसूळ झालेली धातूच असते. तो यंत्रावर तासून किंवा नायट्रिक-हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात खाऊनच काढावा लागतो.