इंजिन बदलल्यापासून ऑइल गेजची नळी हलते आणि तेल गळतं, कोणतं सीलंट लावू?

तुम्ही लिहिलंय की जुन्या जीपमध्ये बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाकलं, आता गेजची, म्हणजे तेल मोजायच्या काठीची नळी ब्लॉकमध्ये, इंजिनाच्या मुख्य बिडाच्या भागात, सैल आहे, बुडातून तेल येतं, तर सीलंट लावू की सरळ वेल्ड मारून घेऊ. आणि शेवटी जाता जाता, 'मिस्त्री म्हणतो डिझेल आहे, थोडं गळणारच.' सीलंटचं नंतर बघू. या शेवटच्या वाक्यापायी माझं आणि माझ्या साडूचं एक अख्खं वर्ष धड बोलणं नव्हतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

डिझेल गाडी गळत नसते. गळू दिली जाते.

आता बघा, बहुतेक इंजिनांत नळी ब्लॉकमध्ये शिरते त्या जागी तेल उभं नसतंच. पातळी तिच्या खाली, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत असते. वर येतो तो क्रँकनं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यानं उडवलेला शिंतोडा आणि तेलाची वाफ. तो शिंतोडा फटीतून बाहेर यायला आतून दाब लागतो, आणि फट पडायला नळी हलावी लागते. या दोन गोष्टी न बघता नुसतं बाहेरून लिंपत बसलात तर दर महिन्याला लिंपत बसाल.

आमच्या सासऱ्यांची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, गगनबावड्याच्या बाजूला. तिचं मूळ २११२ सीसीचं प्यूजो इंजिन क्रँकसकट गेलं, तेव्हा साडूनं भंगारातून २५२३ सीसीचं डीआय आणलं आणि त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतलं. इंजिन वाईट नव्हतं, ते मी आजही म्हणतो. पण गेजच्या नळीला इंजिनावर धरणारी पट्टी कुठंतरी अडत होती म्हणून मिस्त्रीनं ती कापून टाकली, नळी हातानं वाकवली आणि वरचं टोक क्लिप मारून बॉडीच्या पत्र्याला आवळलं. वरून दिसायला एकदम टापटीप. साडू खूश.

करूळ घाट चढून आली की जीपच्या डाव्या अंगाला तेल, बेल हाऊसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) थेंब, सायलेन्सरवर पडून जळकट वास. सासूबाईंनी अंगणात जीप उभी राहते तिथं पत्र्याचा ट्रेच कायमचा ठेवून दिला. मिस्त्रीनं आधी एम-सील लावलं. मग लाल सिलिकॉन. मग चेंबरचं गॅस्केट बदललं. मग म्हणाला, पाठीमागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी सासऱ्यांना सांगितलं, "मामा, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका, आधी तेल कुठून येतंय ते बघू." त्यावर साडूचं उत्तर, "पाव्हणं, डिझेल गाडी हाय, गळणारच की थोडं. तुम्ही कारखान्यातली माणसं, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय?"

मी आयटीआय केलेला फिटर आहे. शिरोली एमआयडीसीत आयुष्य गेलं. असो.

दिवाळीला गेलो तेव्हा इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुऊन कोरडं केलं आणि डाव्या बाजूला सासूबाईंची टाल्कम पावडर उधळली. दहा मिनिटं चालवल्यावर ओला ओघळ बरोब्बर नळीच्या बुडातून निघाला आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं बेल हाऊसिंगपर्यंत गेला. बेल हाऊसिंगखाली थेंब दिसला की लोक मागचं सील काढायला धावतात, त्याचं कारण हा वारा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळत असलं तरी ओघळ असाच खाली आणि मागं जातो, म्हणून पावडर वरपासून टाकायची.

मग गेजची काठी काढून नळीच्या तोंडावर पोरांचा फुगा चढवला आणि गाडी आयडलला ठेवली. फुगा ताठ उभा राहिला. साडू लगेच, "बघा, पिस्टनच्या रिंगा गेल्यात." रिंगा थोड्या झिजलेल्या होत्याच, भंगारातल्या इंजिनाकडून आणखी काय अपेक्षा? पण ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा पाइप बघितला तर बॅटरीच्या ट्रेखाली दबून पुरता चपटा झालेला. आतल्या गॅसला जायला वाटच नाही, मग तो नळीतून, सीलमधून, मिळेल तिथून जाणार. शिवाय ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या पाइपला चीर होती. याचा गळतीशी काय संबंध, असं वाटेल. अल्टरनेटरच्या पाठीमागचा व्हॅक्यूम पंप जी हवा ओढतो ती तेलाबरोबर क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या पोटातच सोडतो. बूस्टरच्या लाइनमधून हवा आत येत असेल तर पंप दिवसभर चेंबरमध्ये हवा भरत बसतो. ब्रीदरचा पाइप मोकळा केला, बूस्टरचा बदलला, आणि फुग्यानं मान टाकली.

नळीचं दुखणं उरलंच होतं. बॉनेट उघडून कुणाला तरी ॲक्सिलरेटरवर झटका द्यायला सांगा आणि इंजिनाकडे बघा. चार सिलेंडरचं डिझेल रबरी फाउंडेशनवर चांगलं दोन बोटं डोलतं. बॉडी जागची हलत नाही. नळीचं एक टोक ब्लॉकमध्ये आणि दुसरं बॉडीला आवळलेलं असेल तर प्रत्येक झटक्याला ती बुडात वाकते. भोक लंबगोल होतं नाहीतर नळी कॉलरपाशी तडकते. म्हणून नळीचा आधार इंजिनावरच घ्यायचा. चेसिसवर नाही, बॉडीवर नाही, बॅटरीच्या ट्रेवर तर नाहीच. मधे कापून रबरी होज जोडणारेही बघितलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आधारासाठी ब्लॉकवर आट्याचं रिकामं भोक बहुतेक सापडतं, नाहीतर मॅनिफोल्डचा एखादा स्टड वापरा. तीन एमएमची पट्टी पुरते. हेडचा बोल्ट ढिला करून त्याखाली पट्टी सरकवू नका, आणि चेंबर उतरवल्याशिवाय ब्लॉकला ड्रिल लावू नका, बुरादा थेट तेलात जातो.

नळीचं बूड मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून करून घेतलं. तिथं असली कामं चहा संपेपर्यंत होतात. भोक दोन दिशांनी मापून नेलं, त्यानं भोकापेक्षा केसभर जाड बुश (नळीवर बसणारं कडं) लेथवर फिरवून नळीवर ब्रेझिंगनं, म्हणजे पितळेच्या डागानं जोडलं. बुश बसवताना नळीच्या तोंडावर ठोकायचं नाही, कॉलरवर पाइपचा तुकडा ठेवून त्यावर ठोकायचं. भोक फारच लंबगोल असेल तर आधी ते रीमरनं गोल करून घ्या, बुश त्या मापाचा.

आता सीलंट. धातूत धातू घट्ट बसणारी नळी असेल तर ॲनेरोबिक रिटेनिंग कंपाउंड, दुकानात हिरवं लॉकटाइट म्हणून मागतात ते. ते हवा बंद झाल्यावर धातूंच्या मधे घट्ट होतं, त्यामुळे बारीक फटीतच काम करतं. दोन्ही भाग तेलकट राहता कामा नयेत, पेट्रोलनं नाहीतर ब्रेक क्लीनरनं पुसा आणि रात्रभर गाडी चालू करू नका. बुडाला ओ-रिंग असेल तर कंपाउंड नको, नवीन ओ-रिंग टाका, तीही व्हायटनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराची. साध्या नायट्राइल रबराची गरम तेलात काही काळानं कडक होते. लाल सिलिकॉनला माझा विरोध आहे. आत गेलेला लोळा सुटला की ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि तेलाची गळती थांबवायच्या नादात बेअरिंगचं तेल थांबतं. वेल्ड तर विसराच, ब्लॉक बिडाचा आहे, तडकेल.

साडूच्या बाबतीत अजून एक सांगायचं राहिलं. त्या मिस्त्रीनं नळी पूर्ण आत बसवलीच नव्हती, बोटभर वर होती. नळी वर म्हणजे काठीही वर, म्हणजे चेंबरमध्ये बरोबर तेल असताना काठी कमी दाखवणार. साडू इमानेइतबारे तेल ओतत राहिला. तेल इतकं वर गेलं की क्रँक ते घुसळून फेस करत होतं, आणि तो फेस नळीतून बाहेर. मग पुन्हा काठी कमी. उलट नळी कापून आखूड केली तर काठी खोल जाते, तेल कमी असून भरलेलं दिसतं, आणि ते जास्त घातक. म्हणून नळीला हात लावलात की काठीच्या खुणा जुन्या समजा. तेल पूर्ण काढा, फिल्टर बदला, मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा एक लिटर कमी भरा. इंजिन थोडं चालवून बंद करा, सपाट जागेवर दहा मिनिटं थांबा आणि जिथं तेल लागेल तिथं कानसीनं किमान पातळीची खूण करा. मग उरलेलं लिटर घालून पुन्हा तसंच, ती वरची खूण. चेंबर दुसऱ्या मॉडेलचं बसवलं असेल तर मॅन्युअलचा आकडाही तुमच्या कामाचा नाही, ज्या मॉडेलचं चेंबर त्याचा घ्या.

ब्रीदर मोकळा केल्यावरही फुगा ताठच राहिला तर मात्र साडूचं 'रिंगा गेल्यात' हे म्हणणं तुमच्या इंजिनाला लागू आहे. कॉम्प्रेशन बघून घ्या, नळीवर पैसे घालू नका. आणि मी हे एकाच जुन्या जीपवरून सांगतोय. तुमच्या इंजिनात नळी चेंबरलाच जोडलेली असेल तर तिथं तेल उभं असू शकतं, मग जोडाचं गॅस्केट किंवा सील आधी.

गगनबावड्याचा ट्रे आता कोंबड्यांना पाणी ठेवायला आहे. साडू मात्र सगळ्यांना सांगतो की गळती चेंबरच्या गॅस्केटनं थांबली. ते गॅस्केट गणपतीत टाकलं होतं आणि ट्रे दिवाळीपर्यंत भरत होता, हे घरात सगळ्यांनी बघितलंय, पण मोठा जावई म्हणून कुणी बोलत नाही.

आरसीचंही, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचंही बघा. इंजिन बदललं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर विम्याच्या वेळी अडकाल. आमच्या जीपचं ते काम साडूनं अंगावर घेतलंय. अजून झालेलं नाही.