सिव्हिअर हिमोफिलिया असताना घर सोडून पुण्यात एकटं राहणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे, इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली आणि परभणीत आजवर इंजेक्शनपासून फाइलपर्यंत सगळं आईनंच बघितलं. मलाही हेच आहे, रक्त गोठायला लागणारा आठवा फॅक्टर एक टक्क्याच्या खाली, आणि पुण्यात राहून बरीच वर्षं झाली. वयानं मोठा आहे, तेव्हा सरळ अरे-तुरेवर येतो.

जमतं. पण एक बघ. आजार तुझ्या अंगात आहे आणि त्याचा सगळा कारभार आईच्या डोक्यात. इनहिबिटरची (टोचलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटिबॉडीची) तपासणी शेवटची कधी झाली, मागच्या ब्लीडला, म्हणजे रक्तस्रावाला, किती युनिट फॅक्टर दिला, कुठला सांधा वारंवार सुजतो, असं कुणी विचारलं तर तू फोन तिलाच लावशील ना? रूम शोधायच्या आधी हा कारभार तुझ्या ताब्यात यायला हवा.

स्वतःची नस स्वतः शोधता येत नसेल तर हिमोफिलिया सेंटरच्या सिस्टरकडून शिकून घे. फॅक्टरची बाटली फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची. सॉल्व्हंट घातल्यावर खळखळ हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांत धरून पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हळूहळू फिरवायची. मग बटरफ्लाय नीडल, आणि औषध सावकाश सोडायचं. झालं की बाटलीवरचं स्टिकर वहीत चिकटव, शेजारी तारीख, युनिट आणि कारण. हिशेबही तोंडपाठ हवा: किलोमागे 1 युनिट दिलं की आठव्या फॅक्टरची पातळी साधारण 2 टक्क्यांनी चढते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 टक्के चढवायचे तर 1500 युनिट. कशासाठी किती चढवायचं ते डॉक्टर ठरवतील, पण ते लेखी घेऊन ठेव. साध्या फॅक्टरचा जोर साधारण 12 तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे डोस धावपळीच्या दिवशी सकाळीच घेतलेला बरा.

एमिसिझुमॅब (ब्लीड टाळण्यासाठी फॅक्टरऐवजी घ्यायचं औषध) चालू असेल तर पोटाच्या कातडीखाली टोचलं की काम झालं, नस शोधायची कटकट नाही. तरी लागलं-खुपलं तर फॅक्टर लागतोच. शिवाय त्या औषधामुळे एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि अनोळखी डॉक्टर फसतो. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही.

रूम बघताना लिफ्ट बघ. पेठांतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची खोली स्वस्त पडते, पण गुडघा टम्म फुगलेला असताना तो जिना चढून बघ म्हणजे कळेल! कॉट बेसिसवर राहिलास तर फ्रीज सगळ्यांचा असतो, म्हणून फॅक्टर झाकणाच्या डब्यात, मधल्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये अजिबात नाही. आणि रूममेटला पहिल्याच आठवड्यात सांग. काही जण सुया बघून भलतीच शंका घेतात, त्यापेक्षा डोस त्याच्यासमोरच घे. त्याला एवढंच माहीत हवं: डोक्याला मार लागला तर दुखायची वाट बघायची नाही, डब्यातला फॅक्टर आणि वही घेऊन कॅज्युअल्टी गाठायची. आधी फॅक्टर, मग स्कॅन.

सरकारी फॅक्टर मोफत मिळतो, पुण्यात त्यासाठी ससून रुग्णालय, स्टेशनपासून अगदी जवळ. पाय सुजल्यावर पहिल्यांदा जाऊ नकोस. धडधाकट असताना फाइल, फॅक्टरची पातळी आणि इनहिबिटरचे रिपोर्ट, आधार घेऊन जा आणि नाव नोंदवून ये. अपंग हक्क कायदा, 2016 मध्ये हिमोफिलिया आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) नसेल तर परभणीतूनच काढून निघ, इथं येऊन पत्ता बदलण्यात वेळ जाईल.

पावसाळ्यानंतर पुण्यात डेंग्यू असतोच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घे. आपल्याला प्लेटलेट कमी होणं परवडत नाही. मेडिकलवाला अंगदुखीला कॉम्बिफ्लाम काढून देईल, त्यात आयब्युप्रोफेन असतं. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. दोन्ही नकोत. दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन देतो म्हणाले तर हिमोफिलिया आहे हे आधी सांग.

ऑफिसात मॅनेजरला सांगावं असं माझं मत; टीममध्ये जाहीर करायची गरज नाही. ग्रुप इन्शुरन्समध्ये आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे एचआरकडून मेलवर घे.

आईला पहिला महिना पुण्यात आणून ठेवायचा विचार लिहिलायस, तो सोड. ती आली की सुई पुन्हा तिच्याच हातात जाईल. त्यापेक्षा जॉइनिंगच्या आधी घरीच महिनाभर सगळं तू कर, डोस, वही, सेंटरला फोन, आणि ती नुसती बघत बसू दे. कुठं चुकलं तर ती बोलल्याशिवाय राहायची नाही.