दुःखात देवाशी खरं खरं बोललं तर चालतं का? अगदी राग आला असला तरी?

तुम्ही लिहिलंय की घरात एवढं मोठं आजारपण चालू आहे, प्रार्थनेला बसलं की तोंडाने 'तुझी इच्छा' म्हणता पण आत नुसता संताप असतो, आणि तो बोलून दाखवला तर पाप लागेल का अशी भीती वाटते. माझ्या मते नाही लागत. ज्याला सगळं कळतं असं आपण मानतो त्याच्यापासूनच मनातलं लपवायचं, ह्यात तसंही काही लॉजिक नाही.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. जनाबाई अंगणात उभी राहून देवाला शिव्या देते, 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या', पुढच्या ओळी तर इथे टाईप करायचा माझा धीर होत नाही. तुकोबांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, ते त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय, आणि दुसऱ्या एका अभंगात तर 'माझे लेखी देव मेला' म्हणून मोकळे झालेत, वर म्हणतात आता त्याचं नावही घेणार नाही (आणि हे सांगायला परत अभंगच!). बायबलमध्ये 150 स्तोत्रं आहेत, त्यात कितीतरी ठिकाणी नुसती तक्रार आहे, 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी धीराची एक ओळ नाही. येशू क्रूसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणाला ती 22व्या स्तोत्राची सुरुवात आहे. पण मला सगळ्यात पटते ती बायबलमधल्याच ईयोबाची गोष्ट, काही चूक नसताना ज्याच्यावर संकटांमागून संकटं येतात त्या माणसाची. तो देवाला जाब विचारत राहतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्यालाच लेक्चर देतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून, आणि शेवटी देव चिडतो कोणावर तर त्या मित्रांवर.

आता प्रत्यक्षात काय करायचं, तर पाठ केलेलं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि घरात जसं बोलता तसं बोला. 'सर्वांना सुखी ठेव' असं गोलगोल नको, आज रात्री त्यांना झोप लागू दे, उद्याच्या रिपोर्टची मला भीती वाटतेय, तू ऐकतोयस की नाही तेच कळत नाहीये, असं. मोठ्याने बोलायला ऑकवर्ड वाटलं तर वहीत लिहा. कधी शब्दच सुचत नाहीत, मग नुसतं बसा किंवा रडा, तेही चालतं. बळेच आभार मानू नका, मनापासून वाटलं तरच माना.

ह्याने पेशंट बरा होतो का? तसं मी सांगू शकत नाही. वडिलांच्या वेळी मी भांड भांड भांडलो, ते गेलेच. पण तेव्हा दिवसभर सगळ्यांसमोर 'मी ठीक आहे' म्हणावं लागायचं आणि रात्री एका ठिकाणी तरी ते म्हणावं लागत नव्हतं, माझ्यासाठी तेवढंही खूप होतं. अजूनही पूर्ण समेट झालाय असं नाही, बोलणं चालू आहे.

घरात कोणी 'देवाला असं बोलू नये' म्हणालं तर वाद घालू नका, दार लावून बोला. आणि झोप पूर्ण उडाली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल तर ते फक्त देवाला सांगून थांबू नका, घरातल्या एखाद्या माणसाला आणि डॉक्टरांनाही सांगा.