पुन्हा पहिल्या पलट्यापासून

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संगीतरचना शिकायला जावं आणि पहिल्याच दिवशी सा-रे-गच्या पलट्यांवर बसवावं, हा तुझा राग मला कळतो. विशारदची सनद हातात असताना तर जास्तच झोंबतं.

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं सांगतो. जन्म 1937, बाल्टिमोर. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान होतं. न खपलेल्या तबकड्या ते घरी आणून ऐकायचे, गिऱ्हाईक यांना हात का लावत नाही ते कळावं म्हणून. नवं संगीत पोराच्या कानावर पडलं ते असं, पडून राहिलेल्या मालातून! पुढे न्यूयॉर्कला जुलियार्डमध्ये शिकून हा माणूस 1964 साली, सत्ताविसाव्या वर्षी, पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे गेला. बाई सत्तरीच्या पुढच्या, शिस्तीला कडक. त्यांनी त्याला काउंटरपॉइंटच्या, म्हणजे एका सुरावटीसमोर दुसरी रचण्याच्या, पहिल्या धड्यावर आणून बसवलं: दिलेल्या एका सुरासमोर एकच सूर. मुळाक्षरंच की! दोनेक वर्षं गिरवली.

तिथेच त्याला रविशंकरांचं चित्रपटसंगीत फ्रेंच वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवायचं काम मिळालं. सवयीने त्याने उभ्या रेघा मारून मात्रांचे भाग पाडले. रविशंकरांचे तबलावादक अल्लारखाँ ऐकायचे आणि अडवायचे, नको तिथे वजन पडतंय. शेवटी वैतागून त्याने सगळ्या रेघाच खोडून टाकल्या. मग कागदावर दिसू लागले दोन-दोन, तीन-तीनचे गट आणि त्यांचं फिरून समेवर येणं. (तबल्याच्या क्लासातल्या पोराला हे कुणी सांगावं लागत नाही.)

नोकरीची लाज वाटते असंही लिहिलंस. ग्लासने न्यूयॉर्कला परतल्यावर नळजोडणी केली, लोकांचं सामान हलवलं, टॅक्सी चालवली. 1976च्या नोव्हेंबरात त्याचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा (पाश्चात्त्य संगीत नाटक) तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर झाला. तिकिटं संपली, तरी खेळ कर्जातच गेला आणि हा परत टॅक्सीवर. चाळिशी उलटली तरी. तेव्हा तुझ्या बँकेतल्या खुर्चीला नावं ठेवू नकोस, साडेपाचला ती तुला मोकळं करते.

आता एक काम. त्याच्या ‘सत्याग्रह’ (1980) या ऑपेराचा शेवट ऐक. गांधी गातात, शब्द गीतेतले, संस्कृत. खालून वर जाणारा एकच आरोह, पुन्हा आणि पुन्हा. पेटी काढ, सोबत वाजवून बघ, भैरवीचेच सूर लागतील. तो किती वेळा येतो ते मोज आणि रविवारी सांग. तोवर क्लास बुडवू नकोस.