बाटली उघडण्याआधी

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूतल्या निकोटिनिक रिसेप्टर्सवर (पेशींवरच्या, निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्रहणस्थानांवर) काम करणाऱ्या प्रायोगिक औषधांबद्दल गेले सहा महिने वाचतोय. स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवणारी गोळी यातूनच येणार असं मला वाटतं आणि मला याच क्षेत्रात जायचं आहे. आई-बाबांना हे खूळ वाटतं. पुढे नेमकं काय शिकू? जाता जाता आणखी एक. 'फक्त संशोधनासाठी' म्हणून विकली जाणारी अशी एक पावडर मी मागवली आहे. थोडी स्वतः घेऊन बघायला हरकत आहे का?

उत्तर : जाता जाता विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर आधी देते. घेऊ नकोस. तू रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहेस, तर तुझ्याच भाषेत विचारते : त्या बाटलीत काय आहे आणि ते किती शुद्ध आहे, हे तू कशावरून सांगणार? लेबलवरून? 'माणसांच्या वापरासाठी नाही' एवढं एकच वाक्य विक्रेत्याने त्या लेबलवर खरं लिहिलेलं असण्याची खात्री देता येते. त्यात या रिसेप्टर्सच्या बाबतीत मात्रेचा मामला फार नाजूक. इक्वेडोरमधल्या एका चिमुकल्या बेडकाच्या कातडीत एपिबॅटिडिन नावाचा रेणू सापडला. त्याची रचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदना शमवण्यात तो मॉर्फिनच्या कितीतरी पट प्रभावी निघाला, पण वेदना शमवणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा इतक्या जवळजवळ की औषध म्हणून तो वापरता आला नाही. तोही याच रिसेप्टर्सवर बसतो. तुझ्या बाटलीत एपिबॅटिडिन असेल असं मी म्हणत नाही; हे घराणं कसं आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

आता आई-बाबांचं. त्यांना खूळ वाटतंय ते बहुधा 'बुद्धी वाढवणारी गोळी' या शब्दांमुळे. खरं सांगायचं तर ते शब्द मलाही रुचत नाहीत. पण विषय कसदार आहे. 'रिसेप्टर' ही कल्पनाच निकोटिनच्या प्रयोगांतून पुढे आली. १९०५ मध्ये केंब्रिजच्या लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं वनस्पतिजन्य विष) स्नायूवर एकमेकांच्या विरुद्ध कसे वागतात ते पाहिलं आणि पेशीवर त्यांना ग्रहण करणारा काहीतरी पदार्थ असला पाहिजे, असा तर्क मांडला. मण्यारीच्या एका जातीच्या विषातला घटक या रिसेप्टरला इतका घट्ट चिकटतो की पुढे त्याचाच गळ करून, विजेचा धक्का देणाऱ्या माशांच्या अवयवातून हा रिसेप्टर वेगळा काढता आला. १९७६ मध्ये नेहेर आणि झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूत एकाच चॅनलमधून, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या आयन जाऊ देणाऱ्या एका छिद्रातून, वाहणारा प्रवाह मोजला, तो चॅनल म्हणजेही हाच रिसेप्टर. त्या तंत्राचं नाव पॅच क्लॅम्प. दोघांना १९९१ चं नोबेल मिळालं. पॅच क्लॅम्प हे नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तू रचना वाचलीच असशील : पाच उपघटक गोलाकार उभे, मधे छिद्र, ॲसिटिलकोलिन हा चेतापेशींचा निरोप्या रेणू येऊन बसला की छिद्र उघडतं. मेंदूत यांच्या दोन जातींचा बोलबाला आहे, उपघटकांवरून नावं पडलेल्या अल्फा-४ बीटा-२ आणि अल्फा-७. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. उघडलेलं दार उघडं राहत नाही. औषध जागेवर बसून राहिलं तर रिसेप्टर बधिर होतो. अल्फा-७ तर काही मिलिसेकंदांत. त्यामुळे 'जास्त औषध, जास्त बुद्धी' हे गणित इथे चालत नाही. थोड्या मात्रेला लाभ दिसतो, मात्रा वाढवली की तो ओसरतो आणि आणखी वाढवली तर उलटतो.

एन्सेनिक्लिनबद्दल वाचलं आहेस का? अल्फा-७ ला अर्धवट चेतवणारं औषध. स्किझोफ्रेनियात विचारशक्ती मंदावते, ती सुधारेल अशी आशा होती आणि मधल्या टप्प्यातल्या चाचणीत आकडे उत्साह वाढवणारे आले. मग तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ मध्ये कळलं की औषध आणि नुसती दिखाऊ गोळी यांत हवा तो फरक पडलेला नाही. अल्झायमरसाठीच्या चाचण्या तर त्याआधीच, २०१५ मध्ये, पोटाच्या गंभीर त्रासांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या. मेंदूसाठी बनवलेलं औषध आतड्यांनी अडवलं! अशी आणखीही बरीच नावं आहेत : इस्प्रोनिक्लिन, टीसी-५६१९, एबीटी-१२६. या घराण्यातलं ठळक यश म्हणजे व्हॅरेनिक्लिन. अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, पण सिगारेट सोडवण्यासाठी.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. जे अडलं आहे तिथेच माणसं लागतात. फक्त कुठे अडलं आहे ते नीट बघ. रेणू बनवणारे कमी पडले असं मला वाटत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास घे. सौम्य स्मृतिदोष असलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या ७४ जणांपैकी काहींना सहा महिने कातडीवर निकोटिनचा पॅच (औषधी पट्टी) लावला, काहींना नुसता रिकामा पॅच. निकोटिनवाल्यांचं लक्ष संगणकावरच्या चाचणीत सुधारलं. डॉक्टरांनी मात्र माणूस एकंदर बरा आहे का हे ठरवलं, तेव्हा त्यांना तसा ठोस फरक दिसला नाही. मग सुधारणा झाली की नाही? शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेच गुण वाढतात, औषध असो वा नसो. स्मरणशक्ती मोजायची कशी, हा प्रश्न तुला रेणूपेक्षा नीरस वाटेल, पण मला विचारशील तर सगळ्यात मोठी पोकळी तिथे आहे.

तेव्हा करिअरचं बोलू. 'बुद्धिवर्धक औषधांचे संशोधक पाहिजेत' अशी जाहिरात तुला दिसणार नाही. औषध नियामक आजारासाठी औषध मंजूर करतात; धडधाकट माणसाला आणखी हुशार करणं हा आजार नाही. काम मिळेल ते अल्झायमर, स्किझोफ्रेनिया, लक्ष न टिकण्याचे विकार, व्यसनमुक्ती अशा नावांखाली. रेणू बनवण्यात रस असेल तर सेंद्रिय रसायनशास्त्र पक्कं कर आणि पदव्युत्तर शिक्षण औषधी रसायनशास्त्रात घे. रिसेप्टर कसा वागतो याचं कुतूहल असेल तर फार्माकॉलॉजी किंवा न्यूरोसायन्स. दोन्हीकडे रसायनशास्त्राची मुलं चालतात, फक्त शरीरक्रियाशास्त्र स्वतःहून भरून काढावं लागतं. चाचण्यांकडे ओढा असेल तर जैवसंख्याशास्त्र. स्वतःचा प्रश्न स्वतः चालवायचा असेल तर पीएचडीला पर्याय नाही. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग मात्र याच वर्षी सुरू कर, वाट कोणतीही निवड.

आई-बाबांची भीती बहुधा अशी : उद्या हे क्षेत्र बसलं तर? क्षेत्र बसतं, कौशल्य बसत नाही. पॅच क्लॅम्प येणाऱ्या माणसाला निकोटिनिक रिसेप्टरच लागतो असं नाही. नवं औषध हृदयातल्या एका पोटॅशियम चॅनलला अडवून ठोके बिघडवतं का, हे औषधविकासात तपासावंच लागतं आणि ते याच तंत्राने तपासतात. हे उदाहरण त्यांना सांग. त्यांना मेंदूच्या गोष्टींपेक्षा ते लवकर पटेल.

एक अट मात्र तुझी तुलाच तपासावी लागेल. रेणूपासून मंजूर औषधापर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात आणि बहुतेक रेणू वाटेतच संपतात, तुझी काहीही चूक नसताना. एका मुलीने पाच वर्षं घातलेला प्रकल्प एका बैठकीत बंद झाला. ती महिनाभर चिडलेली होती. मग त्याच अपयशाच्या आकड्यांवर तिने पुढचं काम उभं केलं. प्रत्येकाला हे जमत नाही, आणि न जमण्यात कमीपणा नाही. पण ते आत्ताच कळलेलं बरं. म्हणून येत्या सुट्टीत आयन चॅनलवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत दोन महिने विनावेतन का होईना, बस. पहिले काही आठवडे काचेच्या नळ्या मोडतील, पेशी मरतील, पडद्यावर नुसता गोंगाट दिसेल. एखाद्या दिवशी त्यात चॅनल उघडल्याची छोटीशी पायरी दिसेल. ती दिसल्यावर तू जेवायला गेलास की आणखी एक पेशी घेतलीस, ते मला लिहून कळव.

आणि ती पावडर बेसिनमध्ये ओतू नकोस. तुमच्या विभागात रासायनिक कचऱ्याची वेगळी सोय असेल. बाटली तशीच बंद तिथे नेऊन दे, आणि विचारलं तर कुठून आणली ते खरं सांग.