जर्मन लिहिता येतं, बोलताना दातखीळ बसते

ताई, मी नववीत आहे. सहावीपासून जर्मन शिकते. लेखी पेपरात ८० पैकी ७४ पडले, पण मॅडमनी उभं केलं की दातखीळ बसते. डिसेंबरात त्यांनी वर्गात ‘कशी आहेस’ विचारलं. मला थंडी वाजत होती म्हणून मी ‘इश बिन काल्ट’ म्हटलं. सगळे हसले, आणि आता काही मुलं जाता-येता तेच म्हणतात. पुण्याची मावसभावंडं तर माझ्या ‘जाऊन राहिली’, ‘काऊन’लाही हसतात. सव्वा महिन्याने ‘फिट इन डॉइच १’ या शाळकरी मुलांसाठीच्या जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची तोंडी आहे. आई म्हणते, परिच्छेद पाठ कर. करते, पण एक शब्द विसरला की पुढचं सगळंच जातं.
– नववीतली एक, प्रतापनगर, नागपूर

आधी त्या वाक्याचंच बघू. ‘इश बिन काल्ट’ ही चूक जर्मनमधून नाही, इंग्रजीतून आली. ‘आय ॲम कोल्ड’ डोक्यात होतं, त्याचं तू शब्दाला शब्द लावून जर्मन केलंस. जर्मन कानाला ते ‘मी थंड माणूस आहे’ असं लागतं. बरोबर वाक्य ‘मिअ इस्ट काल्ट’. ‘मिअ’ म्हणजे ‘मला’. मराठीत तरी आपण ‘मी थंड आहे’ कुठे म्हणतो? ‘मला थंडी वाजतेय’ म्हणतो. ‘दास गेफेल्ट मिअ’ म्हणजे ‘मला ते आवडतं’, तिथेही ‘मला’च. आकड्यांचंही तसंच. एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस. ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’मध्ये हाच क्रम आहे. इंग्रजीतून आकडे मोजणारी मुलं इथे हमखास उलटे बोलतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन शिकणाऱ्याला मात्र आपलं जुनं ‘एकवीस’च कामाचं. लिंगाच्या बाबतीत तेवढी मराठीवर भिस्त ठेवू नकोस. तिन्ही लिंगं आहेत खरी, पण जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे.

आता दातखिळीकडे. लिहिताना तुला खोडायला, आठवायला वेळ मिळतो. बोलताना शब्द सेकंदाभरात जिभेवर यावा लागतो, आणि तो सराव तुझा झालेलाच नाही. वर्गात ४० मुलं, तास ४० मिनिटांचा, त्यातला निम्मा मॅडम बोलणार. तुझ्या वाट्याला अर्धं मिनिट येतं, तेही सगळ्यांसमोर. पाठांतराने हे भरून निघत नाही. पाठ केलेला परिच्छेद साखळीसारखा असतो, एक कडी निसटली की पुढची हाती लागत नाही. म्हणून वाक्यं लिहायचीच नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा शब्द लिही: नाव, वय, देश, गाव, भाषा, छंद. एवढ्यावरून मोबाईलचा टायमर लावून मोठ्याने बोल. पहिल्यांदा ६० सेकंदांत, मग तेच ४५मध्ये, मग ३०मध्ये. तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी झालेलं तुझं तुलाच ऐकू येईल, कारण शब्द शोधण्याचं काम पहिल्या दोन फेऱ्यांत उरकलेलं असतं. रोज १२ मिनिटं पुरेत. मनातल्या मनात केलेला सराव धरू नकोस, त्यात जीभ हलत नाही.

आकड्यांसाठी वेगळा वेळही काढायला नको. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलीस की समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाच. एमएच ३१ पुढे ४७२१ असेल तर त्याचे दोन जोड करायचे: सत्तेचाळीस, एकवीस. ‘झीबन-उन्ट-फिअत्सिश, आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश.’ दिवा हिरवा व्हायच्या आत दोन-तीन गाड्या होतात.

तू गप्प होतेस तो क्षण नीट आठव. शब्द सापडत नाही, आणि ‘सापडत नाही’ हे सांगायलाही जर्मन नसतं. म्हणून चार वाक्यं झोपेतही येतील इतकी घोकून ठेव. पाठांतर करायचंच तर एवढंच कर. ‘नॉख आइनमाल, बिट्ट’, म्हणजे पुन्हा एकदा सांगा. ‘लांगझाम, बिट्ट’, जरा हळू. ‘वी झाग्ट मान दास आउफ डॉइच?’, याला जर्मनमध्ये काय म्हणतात? आणि चुकलं तर ‘एन्टशुल्डिगुंग’, म्हणजे माफ करा, म्हणून वाक्य पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यातून जोडत बसलीस की क्रियापद हरवतं. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘आल्झो…’ म्हणून जरा लांबव. जर्मन माणसंही तेच करतात, आपण ‘म्हणजे…’ म्हणतो तसं.

उच्चारांचा बाऊ नको, तीन जागा सांभाळ. ‘त्सेन’ (दहा) मधला सुरुवातीचा आवाज ‘चांगला’मधल्या ‘च’चा, हिंदीवाल्यांना तो शिकावा लागतो, तुला आयता आहे. ‘यू’वर दोन टिंबं दिसली की जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे करायचे. ‘टाग’ असं लिहितात, पण शेवटचा ‘ग’ कडक होऊन ‘टाक’ ऐकू येतो.

आईला हे वाच म्हणावं: मुलगी बोलत असताना टोकायचं नाही. मिनिट संपू द्यायचं, आणि नंतर फार तर दोन चुका सांगायच्या. मध्येच टोकलं की मूल पुढच्या शब्दाऐवजी आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. आईला जर्मन येत नाही? उत्तम, मग तिने नुसता टायमर धरावा.

हसणाऱ्या मुलांना उत्तर देत बसू नकोस. पुन्हा कोणी ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर ‘मिअ इस्ट काल्ट’ एवढंच खणखणीत म्हण आणि चालू लाग. मॅडमना मात्र भेट आणि नेमकं मागणं माग: वर्गासमोर उभं करण्याआधी शेजारणीशी एक मिनिट जोडीने बोलू द्या. बहुतेक शिक्षकांना हे चालतं, कारण त्यांचाही तास सुरळीत जातो. राहिली पुण्याची भावंडं. म्युनिकमध्ये दुकानात शिरताना नमस्कार म्हणून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, हॅम्बुर्गमध्ये ‘मॉइन’. दोन्ही जर्मनच. तुझं ‘जाऊन राहिली’ वऱ्हाडी आहे, त्यात चुकीचं काही नाही. तिथे जीभ आखडते म्हणूनच ती जर्मनमध्येही आखडते, असा माझा अंदाज आहे. घरी बिनधास्त बोल.

मराठीतही चारचौघांत बोलताना असंच होत असेल, शाळेच्या नुसत्या विचाराने पोटात दुखत असेल, तर शाळेच्या समुपदेशकांना भेट, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर बोल. तो प्रश्न मग भाषेचा राहत नाही.

परीक्षा गटात होते, तीन भागांत: स्वतःची ओळख, दिलेल्या शब्दावरून प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं, चित्र बघून काही मागणं. मुली घसरतात त्या तिसऱ्यात, कारण चित्राचं वर्णन करत बसतात. वर्णन नको. पेन्सिलीचं चित्र आलं तर ‘कान इश बिट्ट डाइनन ब्लाइश्टिफ्ट हाबन?’ (तुझी पेन्सिल मिळेल का?) एवढं विचारायचं, आणि शेजारच्याने तुला विचारलं तर ‘या, हिअ, बिट्ट’ म्हणून पेन्सिल पुढे करायची.